दोन पंचांगांचं घर

ज्या घरात दोन पंचांगं असतात त्या घरात कोणतंही काम वेळेवर होत नाही, असं माझी बायको सीतालक्ष्मी म्हणते. हे साफ खोटं आहे. आमच्या घरात कोणतंही काम होतच नाही. वेळेचा प्रश्न येतो कुठं?

दोन पंचांगं का, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्ही मला बोल लावणार नाही. आम्ही तंजावरकडचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी आमचा कोणी पूर्वज राजाच्या मागोमाग इकडं आला, काम संपल्यावर परत जायचा मुहूर्त बघत बसला, आणि तो मुहूर्त अजून सापडलेला नाही. तेव्हापासून आम्ही कुंभकोणला. देवघराजवळच्या खिळ्याला आमचं चांद्र पंचांग. ते माझी पुण्याची आतेबहीण दर पाडव्याला टपालानं धाडते आणि सोबत चिठ्ठी लिहिते, ‘हनुमंता, फोनवर तुझं मराठी ऐकलं की बखर वाचल्यासारखं वाटतं.’ स्वयंपाकघराच्या दाराला तमिळ कॅलेंडर, रोज एक पान फाडायचं. अधिक मास, पितृपक्ष, पौष हे घरातले वर्ज्य. आडी, पुरट्टासी, मारगळी हे तमिळ महिने गल्लीतले वर्ज्य. शेजारी राहायचं तर शेजाऱ्यांचे अपशकुनही आपले मानावे लागतात. दोन्हीकडचं वजा केलं, वर मंगळवार, अष्टमी, नवमी आणि रोजचा दीड तास राहुकाळ काढला, की जे काही उरतं त्यात माणसानं लग्न, मुंज, घर, गाडी सगळं उरकायचं असतं.

मी तिरुभुवनमला रेशमी साड्यांच्या एका सोसायटीत चौतीस वर्षं आहे. साड्या मोजून घेणं हे माझं काम. साडी साडेपाच मीटर. बोटभर कमी असली तरी मी परत पाठवतो. त्यामुळं जगातली कुठलीही लांबी मला साड्यांत सांगितली की नीट कळते, एरवी नुसती वाऱ्यावर जाते.

एप्रिलमध्ये एका सकाळी इडली मोडता मोडता माझी मुलगी कीर्ति म्हणाली, “अप्पा, मी चेन्नईला राहायला जाते. ट्रायथलॉनसाठी.”

“पगार वाढवून देतात का?” मी विचारलं. मला वाटलं, कंपनीचं नाव आहे.

कीर्ति सव्वीस वर्षांची. नोकरी कंप्युटरवरची, घरी बसून. तीन वर्षांपूर्वी तिनं पहाटे पळायला सुरुवात केली तेव्हा मी म्हटलं, चार दिवसांचं खूळ आहे. मग सायकल आली. आता तिनं मला समजावून सांगितलं की आधी पंधराशे मीटर पोहायचं, लगेच चाळीस किलोमीटर सायकल, लगेच दहा किलोमीटर पळायचं, सगळं एका दमात, मध्ये जेवणाची सुट्टी नाही. मी मनात हिशेब मांडला. पोहणं दोनशे त्र्याहत्तर साड्या. सायकल म्हणजे कुंभकोण ते तंजावर. आणि पळणं म्हणजे तिरुनागेश्वरमला जाऊन राहूचं दर्शन घ्यायचं आणि जवळजवळ घरी यायचं. मी हे तिन्ही आयुष्यात केलेलं आहे, पण एका दिवशी नव्हे, आणि दोन वेळा बसनं.

“चेन्नईला सौम्या मॅडम म्हणून कोच आहेत,” कीर्ति म्हणाली. “त्यांच्या गटात आठच जण असतात. एक जागा माझ्यासाठी ठेवलीय. जुलैच्या चौथ्या बुधवारी सकाळी पाचला हजर राहायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. डिसेंबरात निवड आहे. यंदा नाही जमलं तर मग नाहीच, अप्पा.”

 एकुलती एक पोर. सकाळी सहाला ती पळून आली की जिन्यात तिच्या बुटांचा आवाज येतो, तेव्हा मी कॉफी गाळतो. चौतीस वर्षांत सोसायटीत मला कोणी विचारलं नसेल तितकं ती पाच मिनिटांत विचारते. पण हे तोंडानं कोण बोलणार? मी म्हटलं, “सरी, ठीक आहे. जा की. पण मोठ्या शहरात कुठं राहायचं हे उठलं आणि ठरवलं असं नसतं. त्याला अभ्यास लागतो.”

अभ्यासासाठी मी चेन्नईचा चार फुटी नकाशा आणून हॉलमध्ये ठोकला. सोसायटीतून साडीच्या पिना आणल्या. कीर्तिनं पहिली पिन टोचली, हिरवी, तिरुवान्मियूरला. “समोर समुद्र. पळायला किनारा. सायकलीला समुद्राकाठचा सरळ रस्ता. वेळचेरीचा पोहण्याचा तलाव पाच किलोमीटर. दोन मैत्रिणी राहतात, तिसरी खोली रिकामी आहे.” एवढं बोलून ती कामाला बसली. म्हणजे तिच्या दृष्टीनं प्रश्न दीड मिनिटात सुटला होता. आजकालच्या मुलांना कष्टाची सवय नाही.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या गोमती मामी आल्या. मामींचा मुलगा एकोणीस वर्षं चेन्नईत आहे आणि मामी तिथं दोनदा जाऊन आल्यात, त्यामुळं त्या शहराबद्दल आमच्या गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा.

“तिरुवान्मियूर?” मामींनी नाकाला पदर लावला. “खारा वारा. सहा महिन्यांत पंखे गंजतात, मग पोरीचं काय? मैलापूर घ्या राव सार. कपालीश्वराच्या देवळाच्या आसपास.”

“तिला पोहायला लागतं, मामी.”

“देवळाचं तळं आहे की!”

“त्यात मासे पोहतात.”

“मग हिला काय धाड भरली?” मामी म्हणाल्या आणि भगवी पिन टोचून गेल्या.

समोरचे जयकुमार आले. हे पाण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. सगळी उमर कावेरीचं पाणी मोजण्यात गेली, त्यामुळं मेट्टूर धरणात आज किती फूट पाणी आहे ते सांगितल्याशिवाय ते ‘नमस्कार’सुद्धा म्हणत नाहीत. त्यांनी नकाशापुढं पाच मिनिटं गंभीरपणे उभं राहून निळी पिन टोचली. “वेळचेरी. तळमजला. मोठा पूर आला तेव्हा तिथं पहिल्या मजल्याला पाणी होतं. तलावाला जायची यातायातच नाही. तलाव घरी येतो.”

आठवडाभरात गल्लीतल्या प्रत्येकानं पिन टोचली. ज्यांना चेन्नईत कुठंही राहायचं नव्हतं त्यांनीही टोचली. नकाशा गोवर आल्यासारखा दिसू लागला. या गडबडीत मामींच्या मुलाच्या घराची जागा दाखवताना माझ्या हातून एक मोठी पिन चुकून कीर्तिच्या हिरव्या पिनेवर बसली. चुकून म्हणजे, दोनदा नेम धरावा लागला.

आणि मग मला एक युक्ती सुचली. मी कीर्तिला म्हटलं, “तुला मोठं शहरच पाहिजे ना? कुंभकोण काय लहान आहे? महानगरपालिका झालीय आता. पाटी बघ जाऊन.”

“अप्पा, त्या पाटीत पोहता येतं का?”

“घर बदलू. या महानगरात पोहणं, सायकल, पळणं तिन्ही दारात असलेलं घर मी शोधून काढतो. मग राहशील?”

आम्ही तेव्हा राहत होतो मोठ्या बाजाराच्या रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. सायकल बाहेर काढायची तर आधी चार पितळी हंडे आणि एक समई बाजूला करावी लागे. तेव्हा घर बदलायची कल्पना अगदीच वेडी नव्हती. कीर्तिनं तमिळ कॅलेंडरची पानं पुढं उलटून पाहिली. मग म्हणाली, “जुलैमधली आडी लागायच्या आत सापडलं तर राहते. नाही सापडलं तर जाते. मग काही बोलायचं नाही.”

“बोललो तर नाव हनुमंतराव नाही,” मी म्हटलं. आतून सीतालक्ष्मीनं भांडं जरा जोरात ठेवलं.

दलाल साईराम. सोसायटीत आमचा माल वाहणारी व्हॅन त्याची, आणि फावल्या वेळात तो घरं दाखवतो. त्याला मी अटी सांगितल्या. पळायला, सायकलीला आणि पोहायला. तो म्हणाला, “सार, लोक मला नळाला पाणी येतं का एवढंच विचारतात.”

पहिलं घर महामहम तलावाकाठी. गच्चीवरून सगळं पाणी दिसे. मी खूष. पायऱ्यांवर जाऊन रखवालदाराला विचारलं, तर तो म्हणाला, “डुबकी मारा. तीन मारा, पाच मारा. पोहायचं नाही.”

“कधीच नाही?”

“बारा वर्षांनी महामहम येतो, तेव्हा या. लाखो लोक असतात. कोण पोहतंय, कोण बुडतंय, कुणाला दिसत नाही.”

बारा वर्षांतून एकदा सराव, तोही लाखो लोकांच्या गर्दीत, हे कीर्तिच्या कोचला पटण्यासारखं नव्हतं. दुसरं घर पापनाशमच्या वाटेवर, शेतात. रस्ता सायकलीला झकास. मालकानं मोठ्या अभिमानानं विहीर दाखवली. बारा फूट रुंद. मी साडीचा टेप टाकून हिशेब केला, पंधराशे मीटर म्हणजे चारशे दहा फेऱ्या. “चक्कर येऊन बुडेन, अप्पा,” कीर्ति म्हणाली. मालक म्हणाला, “काळजी नको. तळाला मोटार आहे. तासाभरात उपसून काढतो.”

तिसरं घर कावेरीच्या काठावर. दार उघडलं की घाट, मागं बांधावरून पळायची वाट, पलीकडं तंजावरचा रस्ता. मी तर बघताक्षणी पागल झालो. एकच अडचण होती, तेव्हा मे महिना होता आणि नदीत ऑटोवाल्यांची क्रिकेटची मॅच चालू होती. जयकुमारांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, “बारा जूनला मेट्टूर उघडतात. पाणी इथं येणार म्हणजे येणार. मी जबाबदार.” निवृत्त माणसाला जबाबदारी घ्यायची फार हौस असते.

पण नदीत रोज दीड किलोमीटर पोहायचं तर परवानगी लागेल का? जयकुमार म्हणाले, विचारून ठेवलेलं बरं, माझ्या ओळखी आहेत. आम्ही त्यांच्या जुन्या ऑफिसात गेलो. त्यांच्या ओळखीचे सगळे त्यांच्याआधी निवृत्त झाले होते. खिडकीत पवित्रा नावाची एक शांत मुलगी होती. तिनं फॉर्म पुढं केला. हेतूच्या रकान्यात पर्याय छापलेले. स्नान, तर्पण, मूर्तिविसर्जन, गुरं धुणे, चित्रीकरण.

“पोहणे नाही यात,” मी म्हटलं.

“आजवर कुणी विचारलं नाही, सार.” तिनं आत जाऊन चौकशी केली आणि परत आली. “पाणी आमचं. पण घाट महापालिकेचा. आणि वाळू कलेक्टर ऑफिसची. मुलीचे पाय तळाला लागणार का?”

“पोहताना कसे लागतील?”

“लागले तर कलेक्टरकडं जावं लागेल.”

तीन दिवस मी काठ, पाणी आणि वाळू यांच्यामध्ये फिरलो. पाणी खात्याचं, काठ पालिकेचा, वाळू कलेक्टरची. मुलगी बरीक माझी, पण तिच्याबद्दल कागद कुणीच मागेना. शेवटी पवित्राला माझी दया आली. ती खिडकीतून वाकून म्हणाली, “सार, पोहते म्हणू नका. रोज स्नान करते म्हणा. स्नानाला परवानगी लागत नाही, आणि स्नान किती मीटर करायचं याला नियम नाही.”

असं माझ्या मुलीचं ट्रायथलॉन सरकारदरबारी नित्यस्नान ठरलं. मी पेढे वाटले.

पाणी जूनच्या शेवटी आलं. गल्ली फुलं घेऊन घाटावर. चार दिवस पाणी चढू दिलं आणि एका रविवारी सकाळी सहाला प्रात्यक्षिक ठेवलं. काठानं मी सोसायटीच्या साड्यांचा टेप लावून खुणेचे दगड मांडले होते. कीर्ति डोक्याला रबरी टोपी, डोळ्यांना चष्मा लावून उतरली. घाटावरच्या शास्त्र्यांनी तिला अडवलं. संकल्प सोडल्याशिवाय पाण्यात पाय नाही. “कशासाठी स्नान?” त्यांनी विचारलं. कीर्ति म्हणाली, “पंधराशे मीटर.” त्यांनी गोत्र, नक्षत्र, शालिवाहन शक सगळं म्हणून शेवटी संस्कृतात पंधराशे मीटरही बसवलं. विद्वान माणूस.

ती निघाली. काय पोहली हो! वीस साड्या, तीस साड्या, मी मोजतोय, गल्ली टाळ्या वाजवतेय. चाळिसाव्या साडीला, वळून घाटापाशी परत येताना, ती थांबली आणि उभी राहिली. पाणी कमरेला. अंगाला जलपर्णी गुंडाळलेली, टोपीवर एक झेंडूचा हार. घाटावरच्या दोन म्हाताऱ्यांना वाटलं पोरीचा काही कडक नवस आहे. त्यांनी पाण्यात उतरून तिच्या पाया पडायला सुरुवात केली.

“अप्पा, खोलीच नाही!” ती ओरडली.

“आहे!” मी ओरडलो. “मधोमध आहे! मी दाखवतो!” आणि मी कमरेची वेष्टी खोचून उतरलो. लहानपणी याच घाटावर मी उड्या मारलेल्या आहेत. शिवाय सगळी गल्ली बघत होती आणि माझा शब्द पणाला लागला होता. दहा पावलं गेलो, कमरेएवढं. अकराव्या पावलाला पाय वाळूच्या खड्ड्यात गेला आणि कावेरी माझ्या डोक्यावरून वाहू लागली.

खोली होती. माझं म्हणणं खरं निघालं, पण ते सांगायला तोंड पाण्याबाहेर नव्हतं. सगळं हिरवं झालं. नाकातोंडात पाणी. आणि मग एका हातानं माझी कॉलर पकडली. दीड साडीचं अंतर त्या हातानं मला ओढत आणलं आणि पायरीवर बसवलं. धाप मला लागली होती, तिला नाही. मी खोकत बसलो होतो आणि माझ्या दंडावर तिची बोटं होती. ह्याच घाटावर मी तिला दोन्ही हातांत धरून पहिली डुबकी दिली होती, तेव्हा ती भीतीनं माझ्या मानेला चिकटून बसली होती. आता ही पकड अशी की मी ठरवलं असतं तरी बुडू शकलो नसतो. मला त्या वेळी अभिमान वाटला आणि रडूही आलं. ओला होतो म्हणून खपून गेलं.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात आलं, ‘नदीत बुडणाऱ्या वृद्धाला तरुणीनं वाचवलं.’ वृद्ध! मी सत्तावन्न वर्षांचा आहे. मी संपादकाला कडक पत्र लिहिलं. त्यांनी तिसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली, ‘सदर गृहस्थ वृद्ध नसून ज्येष्ठ नागरिक आहेत.’ सोसायटीत आठवडाभर मला कुणी जिना चढू देईना, माल खाली आणून मोजायला देत.

आडी चार दिवसांवर आली. घर सापडलं नव्हतं. कीर्तिनं बॅग पलंगावर काढून ठेवली.

“जा की,” मी म्हटलं. “शब्द म्हणजे शब्द. कोण अडवतंय? फक्त मुहूर्त बघतो.”

आणि दोन्ही पंचांगं जमिनीवर पसरून बसलो. अधिक ज्येष्ठ घरं बघण्यात उलटलेला. राहिलेल्या चार दिवसांत तमिळ आनी महिना. गोमती मामी म्हणाल्या, आनीत पाया घालू नये. मी म्हटलं, पाया कुठं, भाड्याची खोली आहे. मामी म्हणाल्या, भाड्याच्या खोलीलाही पाया असतोच. हे बिनतोड होतं. पुढं आमचा आषाढ आणि यांची आडी हातात हात घालून. उरला वास्तुपुरुष. इकडं असं मानतात की वास्तुपुरुष वर्षभर झोपलेला असतो, फक्त आठ दिवस जागा होतो, तोही दीड तास. त्या दीड तासात तो दात घासतो, आंघोळ करतो, पूजा करतो, जेवतो आणि विडा खातो, प्रत्येकाला अठरा मिनिटं. त्या वेळात घराचं काम केलं तर लाभतं.

“पाच टप्पे दीड तासात,” कीर्ति म्हणाली. “आमचे तर तीनच आहेत.”

“आडीत एकदा उठतो तो,” मी बोट फिरवत म्हटलं, “पण आपला आषाढ आहे. मग थेट आवणीची सहा तारीख. ऑगस्टचा शेवट. दोन्ही पंचांगांना मान्य. अगदी लखलखीत दिवस!”

“सौम्या मॅडमचा बुधवार जुलैतला आहे, अप्पा.”

“महिनाभर मागं-पुढं झालं तर काय बिघडतं? मी बोलतो त्यांच्याशी.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण या पोरीनं जन्मात मुहूर्त मोडलेला नाही. बारावीच्या पेपराला ती राहुकाळ टाळून दीड तास आधी जाऊन शाळेच्या पायरीवर बसली होती. ते मीच शिकवलेलं. ती फक्त “सरी, अप्पा,” म्हणाली आणि बॅग उचलून कपाटावर ठेवली. म्हणजे मी जिंकलो होतो. त्या दिवशी जेवायला माझा आवडता वत्तकोळंबू, चिंचेचं आंबट कालवण, होता आणि मी भात ताटात तसाच ठेवला.

सीतालक्ष्मी ताट उचलताना म्हणाली, “अहो, एक विचारू? तुम्ही दिवस शोधता की लपवता?”

“शास्त्र आहे ते!”

“असेल. तुमचा तो पूर्वजही शास्त्रानंच बसला असेल. तीनशे वर्षं झाली. आता पोरीलाही तसंच बसवा मुहूर्त बघत.”

बायको एरवी फार बोलत नाही. म्हणून बोलते तेव्हा लागतं.

आडी लागली. सोमवार गेला. मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो, का ते मलाही ठाऊक नाही. जिन्याखाली हंडे आणि समयांच्या मधे कीर्तिनं सायकल एका लोखंडी स्टँडवर चढवली होती. मागचं चाक हवेत. ती पेडल मारत होती. घामानं न्हालेली, दात घट्ट आवळलेले, चाक भन्नाट फिरतंय आणि सायकल जागच्या जागी. भांडेवाला म्हणाला, “तास झाला, राव सार. सांगा जरा, समया थरथरतात.”

मी थोडा वेळ बघत राहिलो. मग वर गेलो. नकाशावरच्या पिना एकेक करून उपटल्या, भगवी, निळी, सगळ्या. मोठ्या पिनेखाली हिरवी सापडली. वाकली होती. ती सरळ केली आणि खिशात टाकली. साईरामला फोन लावला. “व्हॅन आण. आत्ता.”

 स्टोव्ह, तांब्याचं पातेलं, लोणच्याच्या दोन बरण्या आणि नव्या घरात उतू घालायला दुधाची पिशवी बांधून सीतालक्ष्मी माझ्याआधी तयार झाली. हे सामान तिनं कधी भरून ठेवलं होतं देव जाणे.

सायकल व्हॅनमध्ये चढवेपर्यंत तीन वाजून गेले. आणि गल्ली बाहेर आली. मामींनी आधी कपाळाला हात लावला. “अय्यो राव सार! आडी महिना! मंगळवार!”

“आमचा आषाढही आहे,” मी म्हटलं. “तेही धरा.”

“मंगळवारी उत्तरेला शूल असतो, चेन्नई उत्तरेलाच आहे!” जयकुमार म्हणाले. “शिवाय राहुकाळ लागलाय! साडेचारपर्यंत तरी थांबा. मेट्टूरला सुद्धा…”

“राहू तिरुनागेश्वरमचा,” मी म्हटलं. “आपल्याच गावचा माणूस. पोरीला लहानपणापासून ओळखतो. तो बघून घेईल.”

 कीर्ति तशीच घामेजलेली, एक बूट हातात, व्हॅनच्या दारात उभी होती. मी तिच्या तळहातावर हिरवी पिन ठेवली. तिनं ती पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं आता मिठी मारणार. पण ती माझीच मुलगी, तिनं हळूच विचारलं, “अप्पा, पण वास्तुपुरुष तर झोपलेला आहे ना?”

“झोपू दे,” मी म्हटलं. “जागा असता तर त्यानंही तुला जाऊ दिलं नसतं.”